पाठीचा कणा : ओळख आणि निगा



सभासद हा कारखान्याचा कणा आहे, हे वाक्य वार्षिक सभेत आपण दरवर्षी ऐकतो. ऊसतोड मजूर हा हंगामाचा कणा आणि शेतकरी हा देशाचा कणा, असेही म्हटले जाते. पण ज्याच्या नावाने एवढी भाषणे होतात, त्या खऱ्या कण्याची आठवण मात्र कंबर धरल्याशिवाय कुणाला होत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्याचीच ओळख करून देत आहोत.

भोकरदन तालुक्यातले आपले पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मिरची तोडणाऱ्या बाया दिवसभर वाकून असतात. बाजारात हमाल पोती उचलतात. उसाच्या फडात कोयता चालवणारा वाकतो आणि मोळी वाहणाराही वाकतो. आपल्या भागातला जवळजवळ सगळा पैसा पाठीवरून येतो म्हणा ना! तेव्हा ती पाठ आतून कशी आहे, हे ठाऊक असलेले बरे.

मणक्यांची माळ

कणा म्हणजे एक सलग हाड नव्हे. मूळ ३३ मणके एकावर एक रचलेले असतात. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५. त्याखालचे ५ जुळून त्रिकास्थी हे एकच हाड होते, आणि शेवटचे साधारण ४ जुळून माकडहाड होते. म्हणजे हलणारे मणके २४. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तो भाग फारसा वाकत नाही. वाकण्याचे काम मान आणि कंबर करतात, म्हणून दुखणेही बहुधा तिथेच असते. कमरेचे मणके सर्वांत मोठे, कारण वरचा सारा भार त्यांच्यावर येतो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट धाग्यांचे आणि आतला गर मऊ, पाणीदार. दिवसभराच्या भाराने गादीतले पाणी थोडे थोडे निघते आणि रात्री आडवे झालो की ते परत भरते. त्यामुळे सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा फार थोडा असतो. भार येणे आणि उतरणे, या हालचालीनेच तिचे पोषण होते. म्हणून अतिकष्ट वाईट, तसे नुसते बसून राहणेही वाईट.

नसांचे पाट

प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूस एक कडे असते. ही कडी एकाखाली एक आली की नळी तयार होते आणि तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत फक्त नसांचा झुबका लोंबतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो आणि डॉक्टर लोकही त्याला त्याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

कालव्यातून जसे दोन्ही बाजूंना पाट फुटतात, तशा मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. मानेत मणके ७ असून नसा ८ कशा, असे कुणी विचारील. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून, म्हणून एक जादा.

प्रत्येक नसेला दोन मुळे असतात. पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम जातो आणि मागच्या मुळातून स्पर्श, वेदना, ऊन-थंडीची खबर मेंदूकडे येते. स्कॉटलंडचे बेल यांनी १८११ मध्ये आणि फ्रान्सचे माजांदी यांनी १८२२ मध्ये ही विभागणी उजेडात आणली. दोन्ही मुळे एकत्र येऊन मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून नस बाहेर पडते आणि लगेच तिच्या दोन शाखा होतात. मागची लहान शाखा पाठीचे खोल स्नायू आणि पाठीची कातडी सांभाळते. पुढची मोठी शाखा हातपाय आणि अंगाची पुढची बाजू पाहते.

गादीचे कडे फाटून आतला गर मागे सरकला आणि नसेच्या मुळाला लागला, की दुखणे कमरेत न राहता पायात उतरते. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडले. कंबर आणि त्रिकास्थीच्या पाच नसा मिळून शरीरातली सर्वांत जाड नस तयार होते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते. तिच्या वाटेने येणाऱ्या कळेला आपण सायटिका म्हणतो. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हटले आहे, कारण रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो. कळ कुठे जाते यावरून नस ओळखता येते. पायाचा अंगठा बधिर आणि पाऊल वर उचलत नाही, तर बहुधा कमरेची पाचवी नस. करंगळीची बाजू बधिर आणि चवड्यावर उभे राहवत नाही, तर त्रिकास्थीची पहिली.

स्नायू आणि पहार

पाठीवर दिसणारे रुंद स्नायू खरे तर खांद्या-हाताचे चाकर आहेत. कणा धरून ठेवणारे स्नायू त्यांच्याखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे उभे असतात. ते कुल्ल्याच्या हाडापासून डोक्यापर्यंत जातात. त्यांच्याही खाली मणक्याला मणका बांधणारे आखूड स्नायू असतात. पोटाचे स्नायू पुढून ताण देतात. तंबूचा खांब जसा सगळीकडच्या दोऱ्यांनी उभा राहतो, तसाच हा प्रकार.

आता हिशेब पाहू. आपण पहारीने दगड उलथतो, तेव्हा लांब बाजूला थोडा जोर पुरतो आणि आखूड बाजूला फार लागतो. वाकून वजन उचलताना पाठीचे स्नायू आखूड बाजूला असतात, मणक्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर. समजा, २० किलोचे वजन मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले. म्हणजे दहापट अंतर. तेवढ्यासाठीच स्नायूंना सुमारे २०० किलोची ओढ द्यावी लागते. वरच्या धडाचे वजन वेगळेच! आणि ही सारी ओढ गादीला चेपते. तेच वजन पोटाशी धरले, तर भार निम्म्याहून कमी होतो.

स्वीडनचे डॉक्टर नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. ताठ उभे असताना दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो २५ च्या आसपास, पुढे वाकल्यावर दीडशेच्या आसपास आणि वाकून हातात वजन घेतले की दोनशेच्या वर भरला.

उसण आणि पायाळू

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यायची, ही आपली जुनी रीत. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायूचा पेटका. तो काही दिवसांत आपोआप सुटतो आणि नाव पायाळूचे होते. पण दुखणे गादीचे किंवा मोडलेल्या मणक्याचे असेल, तर तीच लाथ महागात पडेल. पूर्वी महिनाभर पडून राहा असे सांगत. आता डॉक्टर एक-दोन दिवसांनी जमेल तेवढे हिंडाफिरायला सांगतात. साधी कंबरदुखी बहुतेकांना काही आठवड्यांत उतरते. सरकलेली गादीही बऱ्याच जणांची ऑपरेशनविना बरी होते.

खालील गोष्टींत मात्र दिवस घालवू नका. पायातली शक्ती जाणे, लघवी तुंबणे किंवा ताबा सुटणे, खोगिराला टेकते ती जागा बधिर होणे : अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा. औषधाने तो बरा होतो. झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्याला ओढून बसवू नका. फळीवर सपाट, मान न हलवता न्या.

आयाबहिणींसाठी एक गोष्ट. गर्भाशयाच्या वेदनेचे तंतू कमरेच्या आसपासच्या नसांबरोबरच मज्जारज्जूत शिरतात. म्हणून गर्भाशयाचे दुखणे कमरेत जाणवते, आणि कमरेचे दुखणे गर्भाशयाचे समजले जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे कारणे अनेक असतील. पण नुसती कंबर दुखते म्हणून पिशवी काढू नये. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

आपल्या हातातले

वजन अंगाशी धरा. गुडघे वाकवा, कंबर नको. वजन हातात असताना कमरेतून पिळू नका, पाय वळवा. वाकून काम करताना मधूनमधून उभे राहून पाठ मागे ताणा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये मोठ्या पुरुषाने उचलायचे वजन ५५ किलोपर्यंत आणावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ चा. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले आणि पोत्याचे ओझे हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. साखरेचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे, आज पन्नासचे आहे. त्यासाठी माणसांना भांडावे लागले.

मोळीला मात्र असे माप नाही. ऊस जमिनीलगत तोडा, असे आपणच टोळीला सांगतो, कारण बुडख्यात साखर जास्त आणि खोडवाही चांगला फुटतो. ते बरोबरच आहे. पण त्या वाकण्यावर आपला उतारा उभा आहे, हे ध्यानात ठेवून मोळी हलकी बांधू द्यावी, गाडी फडाच्या जवळ लावावी आणि भरताना फळी पक्की आहे ना ते पाहावे, एवढे तर प्रत्येक सभासदाला करता येईल. त्याला खर्च नाही, आणि एखाद्याची पाठ त्याने वाचते.