पहिला नंबर वाया जात नाही

निकालानंतर ताईकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर गेल्या वर्षीच्या कटऑफची पानं पसरलेली. भाचीने 'जोसा'च्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित जागावाटपाच्या, फॉर्मचे पर्याय आधी वहीत पेन्सिलीने लिहून काढले होते. पहिल्या ओळीत पवई, म्हणजे मुंबई आयआयटी. दाजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "अगं, हे मिळणार नाही हे दिसतंय ना? मग पहिला नंबर कशाला वाया घालवतेस? नागपूर वर घे, नाहीतर तेही हातचं जाईल."

ही भीती घराघरात असते आणि ती उगाच आलेली नाही. एका रांगेत उभं राहिलं की दुसरीतला नंबर गेला, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण जागावाटपाच्या आत जी पद्धत चालते, ती रांगेसारखी वागतच नाही. ती समजली तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो.

समजा, पवई, नागपूर आणि सुरत इथे एकेकच जागा आहे. कोटे, शाखा तूर्त बाजूला ठेवू. पवईची जागा जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमाने भरते. त्यात इरफान पुढे, मग ओंकार, मग सई. नागपूर आणि सुरतची एनआयटी जेईई मेनचा क्रम बघते. तिथे सई पुढे, मग ओंकार, मग इरफान. सई आणि इरफानने पहिली पसंती पवईला दिली, ओंकारने नागपूरला.

आता बघा. पवईच्या दारात सई आणि इरफान येतात. पवई इरफानला म्हणते, 'तूर्त तू बस', आणि सईला परत पाठवते. नागपूरला ओंकार एकटाच, तोही तूर्त बसतो. सई आता तिच्या दुसऱ्या पसंतीकडे, नागपूरला येते. ओंकार तिच्या आधी आलेला आहे, शिवाय त्याने नागपूर पहिलं लिहिलं होतं. तरीही त्याला उठावं लागतं, कारण मेनमध्ये सई पुढे आहे. ओंकार त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे, पवईला जातो, तिथे इरफान पुढे. मग तो सुरतला बसतो. आता कुणालाच कुठे जायचं उरलं नाही, की तूर्तच्या जागा पक्क्या होतात.

सईने पवईचं दार वाजवून पाहिलं आणि नागपूर तसूभरही दूर गेलं नाही! सगळी किमया त्या 'तूर्त' शब्दात आहे. कोण आधी आलं, कुणी कितव्या नंबरावर लिहिलं, हे कॉलेज विचारतच नाही. ते फक्त गुणवत्तेचा क्रम बघतं.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये ही पद्धत मांडली, अवघ्या सात पानांच्या लेखात. बहुतेक सगळा युक्तिवाद साध्या भाषेत, चिन्हांचं जंगल नाही. पुढे अॅल्विन रॉथ यांना आढळलं की अमेरिकेतली इस्पितळं नव्या डॉक्टरांच्या नेमणुका 1950 च्या दशकापासून जवळपास याच रीतीने करत होती. गणित नंतर आलं. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं. गेल तेव्हा हयात नव्हते.

आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश 2015 च्या आधी वेगवेगळे होत. एकच मुलगा दोन्हीकडे जागा धरून ठेवायचा, एक सोडायचा आणि ती रिकामी राहायची. 2015 पासून दोन्हींचं वाटप एकत्र, याच तत्त्वावर सुरू झालं.

दाजींची भीती जिथे खरी ठरते अशी पद्धतही आहे. बोस्टनच्या सरकारी शाळांत पहिली पसंती देणाऱ्यांनाच आधी पक्क्या जागा मिळत. तिथे पहिला नंबर चुकला की दुसऱ्या शाळेच्या जागा तोवर भरलेल्या असत. पालकांना डावपेच लढवावे लागत. 2005 मध्ये बोस्टनने ती पद्धत सोडायचं ठरवलं आणि गेल-शॅप्लींची पद्धत स्वीकारली.

पर्यायांच्या संख्येला मर्यादा असेल तर मात्र थोडं सांभाळावं लागतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहाच कॉलेजं लिहिता येतात. तिथे दहाही दारं आवाक्याबाहेरची निवडली तर हात रिकामे राहतील, म्हणून कुठली दहा घ्यायची हे कटऑफ बघूनच ठरवावं. पण निवडलेल्या दहांचा आपसातला क्रम तिथेही मनासारखाच असावा. आणि जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नकोच. ते मिळालं तर पुढे काय करणार?

मी वहीवर तीन चौकोन काढून सई, इरफान आणि ओंकारला फिरवून दाखवलं. दाजींनी पेन्सिल घेतली आणि सई परत एकदा स्वतः फिरवून पाहिली. मग म्हणाले, "राहू दे पवई वरच." भाचीने वही ओढून घेतली, कटऑफच्या पानांचा गठ्ठा उचलला आणि यादीच्या शेवटच्या टोकाशी नेऊन ठेवला. "मामा, मग ही पानं इथे लागतील ना? खाली कुठपर्यंत लिहायचं ते बघायला?"