रबराचे शिक्कामोर्तब

ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, म्हणजे ई-ट्वेंटी, पेट्रोलविषयी जो प्रदीर्घ खुलासा प्रसिद्ध केला, त्यातील मायलेजचा मजकूर सर्वांनी वाचला, त्यावर कट्ट्याकट्ट्यांवर वाद झडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबरला याचिका फेटाळलीही गेली. त्याच खुलाशात एक वाक्य असे होते की, काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटर चालल्यानंतर काही रबरी भाग व गॅस्केटे बदलावी लागू शकतील, मात्र हा बदल स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज उरकण्याजोगा आहे. या वाक्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. रबराची एक रिंग ती काय, आणि तिच्यासाठी भांडायचे ते काय! मला मात्र साऱ्या खुलाशात तेच वाक्य सर्वांत अर्थपूर्ण वाटले, आणि त्याला कारण झाली माझी स्कूटर.

स्कूटर पंधरा वर्षांची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. मागल्या पावसाळ्यात रोज सकाळी जिन्याखाली पेट्रोलचा वास येऊ लागला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा ती ढकलत चिंचवडगावातील आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने कार्बोरेटरची खालची वाटी सोडवून तळहातावर घेतली, तिच्या काठाच्या खाचेतील काळी रिंग नखाने उचलली, फडक्याने पुसली, आणि पुन्हा त्याच खाचेत बसवू लागला; ती बसेना. एका बाजूने दाबावी तर दुसऱ्या बाजूने उसळून वर येई, आणि पाच मिनिटांपूर्वी जी खाच तिचे घर होती, तिलाच ती आता चांगली अर्धे बोटभर मोठी झाली होती. "काका, फुगलीय ही," तो म्हणाला, "दोन दिवस वाळू द्या, आपोआप बसंल." या एका वाक्यात रबराच्या प्रयोगशाळेतील एक अख्खा अध्याय सामावलेला आहे, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते आणि त्या क्षणी मलाही नव्हते.

इंधनाशी संबंध येणाऱ्या अशा रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत एनबीआरच्या, असतात. या रबराच्या रेणूंत ॲक्रिलोनायट्राइल नावाचा जो घटक असतो त्याचे प्रमाण वाढवावे तसे ते रबर पेट्रोलला अधिकाधिक दाद देईनासे होते, आणि त्याच प्रमाणात थंडीत अधिकाधिक ताठर होत जाते. म्हणजे एक गुण पदरात पाडून घेण्यासाठी दुसरा गहाण टाकायचा, हा रबराच्या धंद्यातील नित्याचा व्यवहार. निव्वळ पेट्रोलशी या रबराचे फारसे सख्य नाही, म्हणूनच ते त्यात टिकते. निव्वळ इथेनॉलशीही त्याची जवळीक बेताचीच. परंतु दोघांची भेसळ झाली की कित्येकदा दोन्ही एकट्याने जेवढे फुगवितात त्याहून ती भेसळच रबराला अधिक फुगविते, कारण मिश्रणाचा स्वभाव त्या दोन टोकांच्या मध्ये, नेमका रबराच्या स्वभावाजवळ, येऊन बसतो. इंधन आत शिरते, रेणूंच्या साखळ्या एकमेकींपासून दूर सारते, आणि बाहेर पडताना रबर मऊ राहावे म्हणून कारखान्याने त्यात कालविलेले तेल हळूहळू आपल्याबरोबर घेऊन जाते. मग वाळलेली रिंग पूर्ववत दिसते खरी, पण आतून ती रिती झालेली असते.

हे सारे सरकारदरबारी अज्ञात होते, अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. १९६६ साली स्थापन झालेली, वेताळ टेकडीवरची आणि चाकणलाही शाखा असलेली एआरएआय ही वाहन-संशोधनाची संस्था, देहरादूनची भारतीय पेट्रोलियम संस्था व इंडियन ऑइलचा संशोधन विभाग यांनी मिळून २०१४-१५मध्येच हे प्रयोग केले होते. त्यांचा गोषवारा नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात नमूद आहे: धातू आणि धातूंवरील मुलामे यांना ई-ट्वेंटीचा उपद्रव नाही, रबरी पदार्थांची कामगिरी निव्वळ पेट्रोलच्या मानाने खालावली, आणि पीए-सिक्स्टीसिक्स या नायलॉनची ताणशक्ती घटली. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. दहा वर्षांनी जनतेसमोर आलेल्या खुलाशात त्या निष्कर्षाचे रूपांतर 'स्वस्त आणि सहज' या दोन शब्दांत झाले, आणि उसाच्या अर्थकारणावर ज्या राज्याचे निम्मे राजकारण उभे आहे त्या राज्यात तरी कोणी फार खोलात शिरले नाही, यात नवल नाही.

आता या प्रयोगशाळांत नेमके काय करतात, ते थोडे निवांतपणे पाहण्यासारखे आहे. परीक्षा पुष्कळ आहेत, भारतीय मानक ३४०० याचे भागच्या भाग त्यांनी भरले आहेत. परंतु माझे मन ज्या परीक्षेवर जडले ती दिसायला अगदी गरीब आहे. २९ मिलिमीटर व्यासाची आणि १२.५ मिलिमीटर जाडीची रबराची एक टिकली घ्यायची, दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवून ती एक चतुर्थांशाने, म्हणजे सुमारे ९.४ मिलिमीटरपर्यंत, दाबायची, बोल्ट आवळायचे, आणि तो सारा संच ठरलेल्या तापमानाच्या भट्टीत २२ किंवा ७० तास ठेवून द्यायचा. मग टिकली मोकळी करायची, अर्धा तास तिला विसावा द्यायचा, आणि पुन्हा जाडी मोजायची. ती पूर्ण १२.५वर परतली तर रबर निर्दोष, ११.९वरच थांबली तर दाबलेल्या ३.१ मिलिमीटरपैकी ०.६ तिने कायमचे गमावले, म्हणजे 'सेट' सुमारे १९ टक्के. या मंडळींच्या बोलण्यात 'सेट किती आला?' हा प्रश्न डॉक्टरने ताप विचारावा तसा येतो.

कारण गॅस्केट हे भोक बुजविण्याचे साधन आहे, हा सामान्य समजच मुळात अपुरा. काशीहून आणलेला गंगेचा गडू डाग देऊन बंद केलेला असतो, लखोट्यावर लाख ओतलेली असते. तेथे बंद करणारा पदार्थ एकदा बसला की निपचित पडून राहतो. यंत्राला हे चालत नाही. यंत्र तापते, निवते, थरथरते, त्याच्या दोन भागांतील फट क्षणाक्षणाला केसभर कमीजास्त होते, आणि त्या फटीत बसलेल्या रबराला दोन्ही भिंतींना सतत रेटा देत राहावे लागते. हा रेटा ज्या दिवशी संपतो त्या दिवशी रिंग जागच्या जागी असते, अखंड असते, आणि गळती सुरू झालेली असते. घरातल्या कुकरच्या रिंगेचेही हेच दुखणे. ती सैल झाली की आमची आई ती घटकाभर माठातल्या पाण्यात टाकून ठेवी, हल्लीच्या सुना फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीने रबर किंचित आकसते, त्या दिवशीचा वरणभात होऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ बाजूने फुसफुसते. रिंगेचा 'सेट' काही थंड पाण्याने जात नाही.

उलट, थंड पाण्यानेच जगातील सर्वांत प्रसिद्ध रबरी रिंगेचे पाप चव्हाट्यावर आणले. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत विदीर्ण होऊन सात अंतराळवीर मृत्यू पावले, त्या पहाटे उड्डाणस्थळी कडाक्याची थंडी होती आणि उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. चौकशी-आयोगावरील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारीला, भर बैठकीत, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांदेखत, त्या रिंगेच्या रबराचा एक तुकडा लहानशा शिकंज्यात आवळून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडविला, थोड्या वेळाने काढून शिकंजा सोडला, आणि तो तुकडा लवकर फुगून वर येत नाही एवढेच दाखविले. आमच्या टिकलीचीच परीक्षा ती, भट्टीऐवजी पेल्यात केलेली! ही रिंग ज्यांत बसविलेली होती ती बूस्टर रॉकेटे तयार करणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री उड्डाणाला हरकत घेतली होती, ती वरिष्ठांनी बाजूस सारली, हेही त्याच चौकशीत नोंदले गेले. जाता जाता हेही सांगायला हवे की, सुमारे ७ मिलिमीटर जाडीची ती रिंग हलक्या रबराची नव्हती. ती फ्लुओरिनयुक्त रबराची, म्हणजे चाकणच्या कोणत्याही खरेदी-अधिकाऱ्याने 'व्हायटॉन' म्हणताच ज्याची किंमत आठवून कपाळाला आठ्या पाडाव्यात, त्या उच्च कुळातली होती.

आणि ई-ट्वेंटीवर रामबाण म्हणून हल्ली ज्याचे नाव घेतले जाते ते हेच रबर. इथेनॉल-मिश्रित पेट्रोलमध्ये ते खरोखरच नायट्राइलपेक्षा पुष्कळ कमी फुगते, उष्णता सोसते, वर्षानुवर्षे टिकते. थंडीत मात्र मार खाते, आणि नायट्राइलच्या कित्येक पट महाग पडते. त्यातून, जानेवारी २०२३मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी निसर्गात न विरणाऱ्या फ्लुओरिनयुक्त रसायनांच्या साऱ्या गोतावळ्यावर निर्बंध घालण्याची तजवीज युरोपीय रसायन संस्थेपुढे मांडली, तिच्या जाळ्यात हे रबरही येते. म्हणजे पुण्याच्या पट्ट्यातून युरोपला सुटे भाग पाठविणाऱ्या कारखानदाराने एका दाराने जे रबर आत घ्यावे, त्यालाच दुसऱ्या दाराने निरोप देण्याची वेळ यावी! विजेच्या दुचाकीही या चिंतेतून सुटलेल्या नाहीत. तेथे आतले बाहेर जाऊ नये याऐवजी बाहेरचे पाणी आत येऊ नये हा प्रश्न, आणि बॅटरीची पेटी मीटरभर पाण्याखाली अर्धा तास कोरडी राहिली पाहिजे असा दंडक. मग झाकणाच्या काठावर यंत्राने शेवईसारखी ओढलेली सिलिकॉनची रेघ, तिची जाडी आणि तिची सलगता, यांवर सारी भिस्त.

मराठेशाहीच्या दफ्तरांतील पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल की, मस्तकावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच खाली मोर्तब उमटविलेले असे. 'मर्यादेयं विराजते', लिखाणाची मर्यादा येथे झाली, यापुढे कोणी अक्षर घुसडू नये. शिक्का आपले अस्तित्व मिरवितो, मोर्तब केवळ सीमा राखते. या औद्योगिक पट्ट्यातही शिक्का मिरविणाऱ्या नावांचा तोटा नाही. पिंपरीत टाटा मोटर्सचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६पासून आहे, भोसरीत बसगाड्यांचे सुटे भाग तपासणारी सीआयआरटी आहे, दापोडीत ज्यांच्या पत्र्यापत्र्यांमध्ये गॅस्केटच गॅस्केट अशा उष्णता-विनिमयकांचा अल्फा लावल आहे, चिंचवडला एसकेएफची बेअरिंगे आहेत. आणि निव्वळ रबराचेच दुखणे असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबराच्या संशोधनाची संस्था आहे. ज्ञानाची वाण येथे नाही.

वाण आहे ती पुडीवर. मिस्त्रीचा 'वाळू द्या' हा सल्ला न मानता मी नवी रिंग आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. पुडीवर भागाचा क्रमांक होता, कमाल किरकोळ किंमत होती, बांधणीचा महिना होता, ग्राहकसेवेचा दूरध्वनी होता. आत कोणते रबर आहे, ते ई-ट्वेंटीस योग्य आहे की जुन्याच साच्यातले, याविषयी अवाक्षर नव्हते. दुकानदाराला विचारले. "साहेब, पॅकिंग ते पॅकिंग," त्याने शांतपणे उत्तर दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. औषधाच्या गोळीवर घटक छापावे लागतात, बिस्किटाच्या पुड्यावर लागतात. ज्या रिंगेच्या एका बाजूस पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूस तापलेले इंजिन आहे, तिने मात्र आपली जात सांगू नये, हा कोणता न्याय? मंत्रालयाला 'बदला' असे सांगायचे असेल, तर कशाने बदलायचे हे पुडीवर छापण्याचे फर्मानही त्याच लेखणीने काढता आले असते. प्रयोगशाळेचे निष्कर्ष दहा वर्षे हाताशी होते. शिवाय रिंग चाळीस रुपयांची आणि ती बदलण्याची मजुरी अडीचशेची, तेव्हा 'स्वस्त' हा शब्दही जरा जपून वापरायला हवा होता.

जुनी रिंग मी फेकली नाही. कोऱ्या कागदावर ठेवून तशीच टेबलावर राहू दिली. पहिल्या दिवशी तिच्याभोवती फिकट तेलकट वर्तुळ उमटले, तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा वास गेला, आणि आठवड्याने नव्या रिंगेशेजारी ठेवावी म्हणून पुन्हा दुकानात जाऊन तशीच दुसरी घेऊन आलो. दोन्ही शेजारी ठेवल्या. जी खाचेत मावत नव्हती, ती आता नवीपेक्षा लहान झाली होती. बोटांत धरून वाकविली, तर वळणावर बारीक, पांढुरक्या चिरा दिसल्या.