कुटुंबचित्रातील प्राणी ठरतो पूर्ण जन्मतारखेवरून

चिनी परंपरेत उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन अशा बारा प्राण्यांचे वर्षचक्र असते. कुटुंबातील प्रत्येकाच्या जागी त्याचा वर्षप्राणी दाखवणारे चित्र काढून घेताना केवळ जन्मवर्ष सांगणे पुरेसे नसते. प्राणी १ जानेवारीला नव्हे, तर जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या चांद्र नववर्षदिनी बदलतो. २०२४ मध्ये हा दिवस १० फेब्रुवारीला होता. त्यामुळे ९ फेब्रुवारीला जन्मलेल्या बाळाचा प्राणी ससा, तर दुसऱ्या दिवशी जन्मलेल्याचा ड्रॅगन ठरतो. व्हिएतनामी कुटुंबात सशाच्या जागी मांजर येते. प्राणी चुकल्यास ती व्यक्ती चित्रात उरतच नाही. म्हणून रेखाटनापूर्वी चित्रकाराने प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख आणि कुटुंबाची परंपरा विचारून घेणे आवश्यक ठरते.