सांध्यांचा दाह आणि कॉर्टिझोनची सुई

गुडघा सुजला किंवा खांदा वर उचलेनासा झाला, की कुपत खोलीमचे डॉक्टर कधी कधी कॉर्टिझोनचे इंजेक्शन सुचवितात. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत या सुईविषयी दोन टोके आढळतात. काहींना तिच्या नावानेच धडकी भरते, तर काही जण दुखू लागताच तीच मागतात. दोहोंसही तिची खरी ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच करीत आहोत.

आपल्या मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य स्रवते व ते शरीरातील दाह आटोक्यात ठेवते. त्याच जातीचे कॉर्टिझोन १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णास दिले. १९५० साली त्यांना केंडल आणि ज्यू कुटुंबात जन्मलेले राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

दाह झाला की सांध्याचे आतील आवरण सुजते, पाणी साचते आणि हालचाल नकोशी होते. औषध नेमके तेथेच सोडल्याने सूज ओसरते व तिच्यामुळे होणारी वेदनाही शमते. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. मग बहुधा आठवड्याभरात गुण येतो व तो काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. झिजलेला सांधा मात्र या सुईने भरून येत नाही. म्हणून आराम पडताच शिकविलेले व्यायाम नेटाने करावेत. वारंवार टोचल्यास कूर्चा व स्नायुबंध दुबळे होतात. यास्तव एकाच सांध्यात वर्षातून तीन-चारांहून अधिक इंजेक्शने सहसा देत नाहीत.

मधुमेही बंधुभगिनींनी विशेष जपावे. आखडलेला खांदा त्यांच्यातच अधिक आढळतो आणि या औषधाने रक्तातील साखर काही दिवस बरीच चढू शकते. तेव्हा मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे सुई घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. हिब्रू अडत असल्यास मुलाला वा सुनेला सोबत न्यावे. नंतर साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी; इन्सुलिनचे प्रमाण मनाने बदलू नये.

सुईनंतर ताप आला, सांधा लाल व गरम होऊन दुखणे वाढतच गेले, तर आत जंतूंचा शिरकाव झाल्याची शंका घ्यावी. अशा वेळी शब्बाथ संपण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडण्यास आपल्या धर्माची आज्ञाच आहे.