पत्ता बदलतो, नाव राहतं: घरच्या सर्व्हरविषयी

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. घरातल्या एका छोट्या संगणकावर आपले फोटो, कागदपत्रं, जुन्या भाषणांची ध्वनिमुद्रणं आहेत. पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलांना ती थेट घरून दाखवता येतील का? स्थिर आयपी पत्ता घेतलेला नाही. तरी जमेल? बहुतेकदा जमतं. पण त्यासाठी नाव आणि पत्ता यांतला फरक कळायला हवा.

थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. थिबा पॅलेस पुरा झाला १९१० मध्ये. तोवर राजा दुसऱ्या बंगल्यांत राहत होता. मुक्काम बदलला, नाव तेच राहिलं. गावात कुणालाही राजाच्या नावाने विचारलं असतं, तर त्याने त्या दिवशीचं घर दाखवलं असतं. इंटरनेटवर हेच काम डायनॅमिक डीएनएस करतं. आपण एक नाव नोंदवायचं. कंपनीने पत्ता बदलला, की राउटर किंवा सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम नवा पत्ता कळवतो. नोंदीची मुदत पाचेक मिनिटांची ठेवा, म्हणजे जुना पत्ता फार वेळ फिरत राहत नाही.

आता घराच्या आतलं. राउटर म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. आतून कुणी बाहेर गेलं तर त्याचं उत्तर तो आत सोडतो, पण बाहेरून आगंतुक आला तर परत पाठवतो. म्हणून दोन गोष्टी करायच्या. सर्व्हरला घरातला एक पत्ता कायमचा राखून द्यायचा, समजा १९२.१६८.१.५०. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये सांगायचं, की ४४३ क्रमांकाच्या दारावर येणाऱ्याला तिकडे पाठव.

एवढं करूनही कित्येकांचं अडतं. का? जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटांचे, एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे अख्खी चाळ बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे तुमच्या पहारेकऱ्याला सूचना देऊन उपयोग नाही, कारण चाळीच्या फाटकावरचा पहारेकरी कंपनीचा असतो. तेव्हा हे सगळ्यात आधी तपासा: राउटरच्या पानावरचा 'वॅन' पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता एकच आहे का? वेगळा असेल, विशेषतः १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही चाळीत आहात.

मग तीन वाटा उरतात. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते वापरावं. त्यात पत्ते १२८ बिटांचे, टंचाई नाही. मात्र पाहणाऱ्याकडेही ते हवं, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करावी लागते. तिसरी वाट बोगद्याची: सर्व्हरने स्वतःच बाहेरच्या भाड्याच्या यंत्राशी जोडणी करायची आणि पाहुण्यांनी त्या यंत्रामार्फत यायचं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. दार उघडलं की चोरही येतो. एकच दार उघडा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला, त्याचं व्यवस्थापनाचं पान बाहेरून दिसू देऊ नका, प्रोग्राम अद्ययावत ठेवा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी असू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.