शिक्का मारतो कोण?

परदेशी खेळणं, मोबाइलचा चार्जर किंवा रक्तदाब मोजण्याचं यंत्र उलटं करून पाहिलं, तर बारीक छपाईत ‘सीई’ ही दोन रोमन अक्षरं हमखास सापडतात. युरोपातल्या एखाद्या सरकारी प्रयोगशाळेनं वस्तू तपासून पास केली, असा त्यांचा अर्थ आपण लावतो. पण बहुतेक वस्तूंवर ही खूण उत्पादक स्वतःच छापतो आणि कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. आपल्याकडे आयएसआय खूण वापरायची तर भारतीय मानक ब्यूरोचा परवाना लागतो. युरोपनं वेगळी वाट धरली, आणि ती का धरली हे कळल्याशिवाय या खुणेवर किती विसंबायचं ते ठरवता येत नाही.

गोष्ट सुरू होते एका मद्यापासून. रेवे या जर्मन कंपनीला फ्रान्समधून ‘कासिस द दिजाँ’ हे काळ्या मनुकांसारख्या बेरीफळांचं मद्य आणायचं होतं. त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के, आणि जर्मन कायद्यानुसार फळांच्या अशा मद्यात किमान २५ टक्के हवं. परवानगी नाकारली गेली. सौम्य मद्यामुळे लोकांना पिण्याची सवय लागते, असाही युक्तिवाद जर्मनीनं केला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं २० फेब्रुवारी १९७९ रोजी तो फेटाळला. एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकली जाणारी वस्तू दुसऱ्यानं सबळ कारणाशिवाय अडवू नये, हे तत्त्व त्या निकालातून रुजलं.

सुरक्षितता हे मात्र सबळ कारणच होतं. त्या नावाखाली प्रत्येक देश आपापले नियम पुढे करू शकत होता. सर्वांसाठी एकच नियम करायचा, तर प्रत्येक तांत्रिक तपशील कायद्यात लिहायचा आणि त्यावर सगळ्या देशांचं एकमत घडवायचं, यात वर्षानुवर्षं जात. ७ मे १९८५ च्या ठरावानं हा गुंता सोडवला. कायद्यानं फक्त मूलभूत अपेक्षा सांगायची: खेळण्यानं मुलाला इजा होऊ नये, उपकरणाचा शॉक बसू नये. ती पुरी कशी करायची याचे तपशील मानक संस्थांनी लिहायचे. ते मानक पाळणं ऐच्छिक, पण पाळलं तर कायदा पाळला असं गृहीत धरलं जातं. दाबाखालच्या साध्या टाक्यांना १९८७ मध्ये आणि खेळण्यांना १९८८ मध्ये ही पद्धत लागू झाली. सामायिक बाजार १ जानेवारी १९९३ ला सुरू झाला आणि त्याच वर्षी खुणेचे नियमही एकसारखे केले गेले.

खूण छापण्याआधी उत्पादकानं धोके शोधायचे, चाचण्या करायच्या, आराखडे आणि निष्कर्षांची तांत्रिक फाइल बांधायची आणि अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करायची. फाइल साधारणपणे १० वर्षं जपून ठेवावी लागते. धोका मोठा असेल तर मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून तपासणी सक्तीची. ती संस्था उत्पादनावरही लक्ष ठेवत असेल, तर तिचा चार आकडी क्रमांक खुणेशेजारी येतो. फटाके याच गटात मोडतात. सर्वांत कमी धोक्याच्या वर्गातले फटाके घ्यायलाही ग्राहक किमान १२ वर्षांचा असावा लागतो. पुढच्या दोन वर्गांसाठी १६ आणि १८, आणि चौथा वर्ग फक्त जाणकारांसाठी.

ही खूण प्रत्येक वस्तूवर नसते. खाद्यपदार्थ, साधे कपडे, साधं फर्निचर यांवर ती छापणंच बेकायदा आहे. घरगुती प्लग आणि सॉकेटही विजेच्या उपकरणांच्या या कायद्यातून वगळलेले आहेत, कारण प्रत्येक देशाच्या भिंतीतली भोकं वेगळी आणि ती बदलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. अक्षरांमधलं अंतर कमी असेल तर अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’, ही लोकप्रिय समजूतही निराधार आहे. अशी वेगळी खूण अस्तित्वात असल्याचं युरोपीय आयोगाला ठाऊक नाही. अक्षरं चुकीच्या मापात छापलेली असतात, एवढंच.

उत्पादकाच्या शब्दावर चालणारी ही पद्धत टोस्टरला पुरते, असं माझं मत आहे. शरीराच्या आत बसवायच्या वस्तूला ती पुरत नाही, आणि तिथे त्रयस्थ संस्था असूनही काय होऊ शकतं हे फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं दाखवलं. तिच्या स्तनरोपणांवर सीई खूण होती. जर्मनीच्या टीयूव्ही ऱ्हाइनलँड या संस्थेनं कंपनीची गुणवत्ता व्यवस्था मंजूर केली होती. मार्च २०१० मध्ये उघड झालं की आत औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकोन भरलं जात होतं. तपासनीस कळवून येत, त्याआधी पुरावे हलवले जात. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे ३०,००० स्त्रियांच्या शरीरात ही रोपणं होती. संस्थापक जाँ-क्लोद मास यांना डिसेंबर २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की संशयाला जागा नसेल तर अचानक भेट देण्याचं किंवा उपकरण तपासण्याचं सरसकट बंधन त्या संस्थेवर नव्हतं. हे वाचून राग येतो. कागद नीट होते आणि बायका फसल्या. २६ मे २०२१ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यानं दर पाच वर्षांत किमान एक अनपेक्षित तपासणी सक्तीची केली.

भारतीय उत्पादकालाही नियम तेच आहेत. पुणे किंवा कोल्हापूरचा उद्योजक स्वतःच्या यंत्रावर सीई खूण लावू शकतो; त्यासाठी युरोपातल्या सरकारची परवानगी लागत नाही, पूर्ण फाइल लागते. शिवाय १६ जुलै २०२१ पासून खूण लागणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी युरोपीय संघात कुणीतरी जबाबदार हवा, आणि त्याचं नाव-पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर हवा. ऑनलाइन विकलेल्या मालालाही यातून सूट नाही.

लहान कारखानदारांची फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. सोनेरी किनारीचं ‘सीई प्रमाणपत्र’ विकणारे सल्लागार भेटतात. त्रयस्थ तपासणी लागत नसलेल्या मालाला असं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, आणि ती लागत असेल तर मान्यता नसलेल्या संस्थेच्या कागदानं काम भागत नाही. मान्यताप्राप्त संस्थांची यादी युरोपीय आयोगाच्या ‘नँडो’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. पैसे भरण्याआधी तिथे संस्थेचा क्रमांक शोधावा आणि आपल्या मालाचा प्रकार तिच्या नावापुढे आहे का, ते बघून घ्यावं.