विश्लेषण : ॲमेझॉनचे जंगल राखणाऱ्यांचे बळी का जातात?

ब्राझीलच्या पारा राज्यातील अनापू येथे १२ फेब्रुवारी २००५ रोजी सिस्टर डोरोथी स्टँग या ७३ वर्षीय ननची गोळ्या झाडून हत्या झाली. ॲमेझॉनमधील जमिनीचा प्रश्न किती जीवघेणा आहे, हे या प्रकरणातून जगासमोर आले.

वाद कशाचा होता?

मूळच्या अमेरिकी असलेल्या स्टँग १९६६ पासून ब्राझीलमध्ये होत्या. गरीब कुटुंबांनी जंगल शाबूत ठेवून छोटी शेती करावी, अशा सरकारी योजनेसाठी त्या झटत होत्या. त्याच जमिनीवर गुरेपालन करणाऱ्या बड्या जमीनदारांचा डोळा होता. धमक्या येत असल्याचे स्टँग यांनी सरकारला कळवले होते.

जमीन बळकावली कशी जाते?

बनावट कागदपत्रांद्वारे सरकारी जमीन लाटण्याला तेथे 'ग्रिलाजेम' म्हणतात. 'ग्रिलो' म्हणजे रातकिडा. नवे कागद रातकिड्यांसह पेटीत ठेवले, की ते पिवळे पडून जुने वाटतात, अशी या शब्दामागची कथा. मग झाडे तोडायची, लाकूड विकायचे, आग लावून कुरण करायचे आणि ताबा दाखवून मालकी सांगायची. तेथे आधीपासून राहणारा शेतकरी हाच या खोट्या दाव्याविरुद्धचा पुरावा असतो. म्हणूनच तो नकोसा होतो.

सूत्रधारांना शिक्षा होते का?

क्वचितच. सुपारी घेणारे पकडले जातात; देणारे अनेकदा सुटतात. स्टँग प्रकरणातील एक जमीनदार २००७ मध्ये दोषी ठरला, २००८ मध्ये सुटला आणि २०१० मध्ये पुन्हा दोषी ठरला. पारामध्येच २०११ साली जोसे क्लाउडियो आणि मारिया या जंगलरक्षक दाम्पत्याची हत्या झाली. आपल्या जिवाला धोका असल्याचे जोसे यांनी काही महिने आधी जाहीर भाषणात सांगितले होते.

प्रश्न ब्राझीलपुरताच आहे का?

नाही. 'ग्लोबल विटनेस' या संस्थेच्या नोंदींनुसार २०१२ ते २०२३ या काळात जगभरात जमीन व पर्यावरण रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या २,१०६ जणांच्या हत्या झाल्या. एकट्या २०२३ मध्ये १९६ बळी गेले. त्यातील ७९ कोलंबियातील होते.

मग उपाय काय?

ब्राझीलमध्ये मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी सरकारी संरक्षण योजना आहे. मात्र दुर्गम वस्तीत प्रत्येकाला चोवीस तास पहारा देणे अवघड असते. जमिनीच्या नोंदी स्वच्छ होऊन शेतकऱ्याच्या हाती पक्का कागद आला, तरच त्याला हटवण्यातला फायदा संपेल.